थंड प्रदेशासाठी पी.यू. बुश : विकण्यापूर्वी काय तपासावे?

मोटारीचे सुटे भाग विकणे, गॅरेज चालविणे, लेथवर काम करणे, रबर मोल्डिंग करणे या धंद्यांत आपल्या समाजातील लोक मोठ्या संख्येने आहेत. कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडवर किंवा कोणत्याही तालुक्याच्या एस.टी. स्टँडमागच्या गॅरेजच्या रांगेत पाहिले तरी हे दिसून येते. या बाजारात आता काळ्या रबरी बुशच्या शेजारी लाल, पिवळे, निळे पॉलियुरेथेनचे बुश मांडलेले असतात. बाजारच्या भाषेत त्यांना ‘पी.यू. बुश’ म्हणतात. रबरापेक्षा जास्त टिकतात, तेलाने खराब होत नाहीत, गाडी वळणावर घट्ट राहते, अशी त्यांची ख्याती आहे आणि ती बरीचशी खरी आहे.

या बुशच्या डब्यावर किंवा माहितीपत्रकात पुष्कळदा ‘उणे ४० अंशांपर्यंत चालतो’ असे छापलेले असते. मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाईकाला त्या आकड्याशी कर्तव्य नसते. परंतु हाच माल कारगिल, लेहच्या गाडीवाल्याने मागवला, इथली एखादी टुरिस्ट गाडी हिवाळ्यात लडाखला निघाली, किंवा एखाद्या निर्यातदाराने रशिया, कॅनडासाठी भाव विचारला, की त्याच आकड्यावर सौदा ठरतो. तो आकडा नेमके काय सांगतो व काय सांगत नाही, हे समजून घेतल्याशिवाय दुकानदाराने गिऱ्हाईकाला शब्द देऊ नये. आजचा लेख त्यासाठीच आहे.

बुशचे काम

गाडीचा लोअर आर्म, पाटा, शॉकअप किंवा स्टॅबिलायझर बार जेथे चासीला जोडला जातो, तेथे लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून मध्ये बुश बसवतात. त्याला तीन कामे एकाच वेळी करावी लागतात. चाक वर-खाली होताना आर्मला फिरू द्यायचे, रस्त्याचा धक्का व आवाज अडवायचा, आणि तरीही चाक आपल्या जागेवरून हलू द्यायचे नाही.

रबरी बुश व पी.यू. बुश ही कामे वेगवेगळ्या रीतीने करतात. मूळ कंपनीच्या रबरी बुशमध्ये रबर आतल्या स्लीव्हला आणि बाहेरच्या कडीला उष्णता देऊन पक्के चिकटवलेले असते. आर्म फिरला की रबर स्वतः पिळले जाते. घसरत काहीच नाही. पी.यू. बुश बहुधा दोन अर्ध्या भागांत येतो, तो आर्मच्या कडीत दाबून बसवतात आणि मधून लोखंडी स्लीव्ह घालतात. येथे काहीही चिकटवलेले नसते. स्लीव्ह बुशच्या आत फिरते, म्हणूनच त्याला ग्रीस लागते. थंडीतील पुढच्या बहुतेक तक्रारी या फरकातून निघतात, म्हणून तो लक्षात ठेवावा.

थंडीत काय होते?

बांगड्यांच्या लाखेचे काम करणाऱ्या कारागिरांना ही गोष्ट चटकन कळेल. लाख गरम असताना हवी तशी वळते. थंड झाली की कडक होते आणि आपटली तर तिचे तुकडे होतात. लाख तीच असते, तिचा स्वभाव मात्र तापमानाने बदलतो. रबर व पॉलियुरेथेनचेही असेच आहे, फक्त त्यांचा हा बदल शून्याच्या बराच खाली घडतो. त्यांच्यातील लांब साखळ्यांसारखे रेणू उबेत सळसळत असतात, म्हणून पदार्थ दाबला तरी मूळ आकारावर येतो. थंडी वाढेल तशी ही हालचाल मंदावते आणि एका टप्प्यावर पदार्थ काचेसारखा होतो. त्या टप्प्याला शास्त्रात ‘ग्लास ट्रान्झिशन’ म्हणतात.

नैसर्गिक रबराचा हा टप्पा उणे ७० अंश सेल्सिअसच्या जवळपास आहे. पॉलियुरेथेनचा असा एकच आकडा सांगता येत नाही. जर्मनीतील लेव्हरकुसेन येथे १९३७ साली ऑटो बायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलियुरेथेनचे रसायन शोधले. तेव्हापासून आजवर या एका नावाखाली उशीच्या फोमपासून ट्रॉलीच्या टणक चाकापर्यंत शेकडो प्रकार निघाले आहेत. त्यांतील काही प्रकार उणे २५-३० ला ताठरतात, तर काही उणे ५० पर्यंत बऱ्यापैकी लवचीक राहतात. म्हणून ‘पी.यू. थंडीत चालते का?’ हा प्रश्नच अपुरा आहे. ‘कोणते पी.यू.?’ असे विचारले पाहिजे.

एकाच डब्यावरचे दोन आकडे

आता मुख्य मुद्दा. थंडीसंबंधी दोन वेगळी मापे आहेत आणि बाजारात त्यांची सर्रास गल्लत होते.

पहिले माप ठिसूळपणाचे. ठराविक तापमानाला पट्टीवर फटका मारतात आणि ती तडकते की नाही ते पाहतात. साच्यात ओतलेल्या चांगल्या पॉलियुरेथेनचे अनेक प्रकार या कसोटीत उणे ६० अंशांनाही तडकत नाहीत.

दुसरे माप ताठरपणाचे. तापमान उतरत जाताना पदार्थ किती पटीने कडक होतो, ते यात मोजतात. उणे ६० ला न तडकणारे तेच पॉलियुरेथेन उणे १८ च्या आसपासपासूनच हळूहळू ताठर होऊ लागलेले असू शकते. म्हणजे उणे ४० ला बुश फुटणार नाही, पण तो बुशसारखे कामही करणार नाही. गाडीखाली लाकडाचा ठोकळा बसवल्यासारखी अवस्था होईल. रस्त्याचा प्रत्येक धक्का सरळ चासीवर, ब्रॅकेटवर आणि वेल्डिंगवर जाईल. हिवाळा संपल्यावर बुश शाबूत आणि ब्रॅकेटला मात्र तडा, असा प्रकार होऊ शकतो. मग गिऱ्हाईक गाडीला दोष देते आणि दुकानदारही बुश हातात घेऊन ‘पाहा, काही झाले आहे का?’ असे विचारतो.

न फुटलेला भागही थंडीने निकामी होतो, याचे जगाला ठाऊक असलेले उदाहरण अमेरिकेच्या चॅलेंजर अवकाशयानाचे आहे. २८ जानेवारी १९८६ रोजी हे यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी नष्ट झाले व सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. त्या सकाळी हवेचे तापमान २ अंशांच्या आसपास होते. बाजूच्या रॉकेटच्या सांध्यातील रबरी कडी थंडीमुळे दाबातून चटकन सावरली नाही आणि सांध्यातून तप्त वायू निसटला. पुढे चौकशी आयोगाच्या बैठकीत शास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी त्या रबराचा तुकडा शिकंजात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि शिकंजा सैल केल्यावर तुकडा लगेच पूर्ववत होत नाही, हे सर्वांसमक्ष दाखविले. रबराचा तो प्रकार वेगळा होता, पॉलियुरेथेन नव्हते. पण धडा आपल्या दुकानालाही लागू आहे. तुकडा फुटला की नाही एवढ्यावर थांबू नये. दाब काढल्यावर तो किती लवकर मागे येतो, हेही पाहावे.

परदेशी माहितीपत्रक वाचताना आणखी एक काळजी घ्यावी. आकडा फॅरनहाइटमध्ये आहे की सेल्सिअसमध्ये, हे आधी पाहावे. उणे ४० हा आकडा दोन्हींत एकच येतो, पण फॅरनहाइटचे उणे २० म्हणजे सेल्सिअसचे सुमारे उणे २९ आणि फॅरनहाइटचे शून्य म्हणजे सुमारे उणे १८.

किती थंडी म्हणजे कडाक्याची थंडी?

श्रीनगरहून लेहला जाणारा रस्ता सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीच्या झोजी-ला खिंडीतून पुढे द्रास व कारगिलकडे जातो. द्रासमध्ये हिवाळ्याच्या रात्री पारा उणे २० अंशांच्या खाली जातो. रशियातील याकुत्स्क शहरात जानेवारीचे सरासरी तापमानच उणे ३५ च्या खाली असते, तर त्याच प्रांतातील ओयम्याकोन येथे १९३३ साली उणे ६७.७ अंशांची नोंद झाली आहे. लडाखला चालणारा बुश याकुत्स्कला चालेलच असे नाही. गिऱ्हाईकाने ‘थंड प्रदेश’ एवढेच सांगितले, तर त्याला गावाचे नाव विचारावे.

पॉलिएस्टर की पॉलिईथर?

बुशसाठी वापरले जाणारे पॉलियुरेथेन मुख्यतः दोन घराण्यांचे असते. पॉलिएस्टर घराण्याचा माल घासण्याला व तेलाला चांगला तोंड देतो, पण थंडीत लवकर ताठरतो आणि ओलसर उबदार हवेत काही वर्षांत पाण्याने त्याचे विघटन होऊ लागते. पॉलिईथर घराण्याचा माल थंडीत जास्त लवचीक राहतो आणि पाण्यालाही जुमानत नाही. गंमत अशी की लडाखच्या थंडीला जो माल योग्य, तोच कोकणातील पावसाळ्यालाही योग्य. माल घेताना पुरवठादाराला सरळ विचारावे, ‘हा पॉलिएस्टर आहे की पॉलिईथर?’ ज्याला हे सांगता येत नाही, त्याच्या उणे ४० च्या आकड्यावर फार विसंबू नये. रंगावरून काही ठरवू नये. रंग म्हणजे केवळ मिसळलेले पिगमेंट आहे.

दुसरी गोष्ट कडकपणाची. तो शोअर ए या मापात सांगतात. मूळ रबरी बुश साधारण ५० ते ७० असतो, तर पी.यू. बुश ७० ते ९५ पर्यंत मिळतो. जो नेहमीच्या हवेतच ९५ आहे, त्याला थंडीत आणखी कडक व्हायला जागा कोठे उरली? थंड प्रदेशासाठी ७० ते ८० चा, पॉलिईथर घराण्याचा माल निवडावा.

आकसणे : आत घट्ट, बाहेर सैल

थंडीने लोखंड आकसते तसे पॉलियुरेथेनही आकसते, पण लोखंडाच्या दहा-बारा पट. हिशोब करून पाहू. ४० मिलिमीटर व्यासाचा बुश आपण २५ अंशांना बसवला आणि गाडी उणे ३५ अंशांत गेली. फरक ६० अंशांचा झाला. लोखंडी कडी सुमारे ०.०३ मिलिमीटर आकसेल, तर पी.यू. बुश सुमारे ०.३५ मिलिमीटर. म्हणजे दाबून बसवलेल्या बुशची पकड तेवढ्याने ढिली पडली. त्याच वेळी बुशचे आतले भोक स्लीव्हवर जास्त आवळते. परिणामी स्लीव्ह बुशमध्ये फिरण्याऐवजी पूर्ण बुशच कडीत फिरू लागतो, बाहेरचा पृष्ठभाग घासला जातो आणि खडखड सुरू होते. रबरी बुशमध्ये रबर लोखंडाला चिकटलेले असल्याने असे सुटे फिरणे होत नाही.

म्हणून थंड प्रदेशासाठी बुश खरादून देताना मिलिमीटरच्या दशांशाचीही बेफिकिरी चालत नाही. इथल्या उन्हात ‘हाताने आरामात बसतो’ तो बुश तिकडे सैल पडणार, हे गृहीत धरावे.

ग्रीस आणि पाणी

पी.यू. बुश कोरडा झाला की किरकिरतो. थंडीत साधे ग्रीस मेणासारखे घट्ट होते आणि स्लीव्हबरोबर फिरत नाही. थंडीसाठी बनवलेले, पाण्याने न धुतले जाणारे सिलिकॉन ग्रीस वापरावे आणि ते किती अंशांपर्यंत चालते, हे डब्यावर पाहावे. गाडीतील इतर रबरी भागांना खनिज तेलाचे ग्रीस लावू नये. त्याने रबर फुगते.

बर्फाचा चिखल बुशच्या कडेने आत शिरतो, रात्री गोठतो आणि सकाळी बुशला जाम करतो. युरोप-अमेरिकेत रस्त्यावर बर्फ वितळवण्यासाठी टाकलेले मीठ स्लीव्हला गंजवते. गंजलेली खरखरीत स्लीव्ह पी.यू.ला कानशीसारखी घासते. म्हणून झिंक चढवलेली किंवा स्टेनलेसची गुळगुळीत स्लीव्ह असलेला माल घ्यावा. दर हिवाळ्यापूर्वी बुश खोलून, पुसून, नवे ग्रीस भरावे लागेल, हे गिऱ्हाईकाला विकतानाच सांगावे.

मग रबरच बरे का?

अति कडाक्याच्या थंडीत रोजच्या वापराच्या गाडीसाठी चांगल्या नैसर्गिक रबराचा, मूळ मापाचा बुश हीच सहसा सुरक्षित निवड आहे. रबरालाही एक खोड आहे. उणे २५ अंशांच्या आसपास बरेच दिवस उभी राहिलेली गाडी असेल, तर रबरात स्फटिक बनू लागतात व ते कडक होते. ऊब मिळाली की ते पुन्हा पूर्ववत होते. तसेच रबरी बुशचा नट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचा कसावा. गाडी जॅकवर लटकलेली असताना कसला, तर रबर कायमचे पिळलेले राहते आणि थंडीत तेथूनच फाटते.

जो आर्म फक्त एकाच दिशेने फिरतो, तेथे पी.यू. शोभते. जेथे आर्मला फिरण्याबरोबर तिरकेही व्हावे लागते, उदाहरणार्थ मागच्या लांब आर्मच्या टोकाला, तेथे थंडीत कडक झालेला पी.यू. बुश अडकतो आणि सारा जोर ब्रॅकेटवर जातो. अशा जागी रबर ठेवावे. थंड सकाळी येणारा प्रत्येक आवाज बुशचाच असतो असेही नाही. शॉकअपचे तेल घट्ट झालेले असते, टायरही ताठरलेले असतात. थोडे अंतर चालल्यावर आवाज गेला, तर बुश बदलण्याची घाई करू नये.

आपल्या दुकानात करता येणारी तपासणी

प्रयोगशाळेच्या दाखल्याची बरोबरी यातून होणार नाही, पण दोन मालांतील सरस-निरस नक्की कळते.

१) एक मूळ रबरी बुश आणि तपासायचे पी.यू. बुश घ्या. प्रत्येकावर खूण करा. व्हर्निअरने बाहेरचा व आतला व्यास मोजून लिहून ठेवा. शोअर ए ड्युरोमीटर असल्यास सपाट जागी रीडिंग घ्या.

२) सर्व नमुने एक रात्र डीप फ्रीजरमध्ये ठेवा. तेथे उणे १८ अंश मिळतात. याहून खाली जायचे असेल, तर मासळी निर्यात करणाऱ्या कारखान्यातील ओळखीच्या माणसाला विचारा. मासळी गोठवण्याची यंत्रे उणे ३५ ते ४० अंशांपर्यंत जातात आणि कोकण किनाऱ्यावर या धंद्यात आपले बरेच लोक आहेत. नमुने पिशवीत बंद करूनच द्या. खाण्याच्या मालाला त्यांचा स्पर्श होऊ नये.

३) नमुना बाहेर काढताच काही सेकंदांत रीडिंग घ्या, कारण पृष्ठभाग लगेच गरम होऊ लागतो. कोणाचा आकडा किती चढला, ते लिहा.

४) सारख्या जाडीचे तुकडे छोट्या शिकंजात सारखेच, म्हणजे जाडीच्या पाव हिश्श्याने दाबा. चोवीस तास थंडीतच ठेवा. मग थंडीतच शिकंजा सोडा आणि अर्ध्या तासाने जाडी मोजा. जो तुकडा जास्त मागे आला, तो चांगला.

५) थंड बुशचा व्यास पुन्हा मोजा आणि तो रिकाम्या कडीत बसवून पाहा. हाताने फिरत असेल, तर तो माल त्या थंडीसाठी सैल आहे.

कोरड्या बर्फाचा प्रयोग काहीजण सुचवतात. त्याचे तापमान उणे ७८ अंशांच्या आसपास असते. तेवढ्या थंडीत चांगला मालही दगड होतो, त्यामुळे निष्कर्ष चुकतो. शिवाय तो बंद डब्यात ठेवल्यास डबा फुटतो व बंद खोलीत गुदमरण्याचा धोका असतो. तो टाळावा.

ओतकाम करणाऱ्या कारागिरांसाठी

जे बंधू स्वतः पी.यू. ओततात, त्यांनी पावसाळ्यात विशेष जपावे. पॉलियुरेथेनच्या कच्च्या रसायनातील आयसोसायनेटचा पाण्याशी संयोग झाला की वायू सुटतो आणि मालात बुडबुडे राहतात. मुंबईच्या हवेत असा बुश दिसायला ठीक वाटतो. थंडीत मात्र तडा त्या बुडबुड्यापासूनच सुरू होतो. डबे घट्ट बंद ठेवा, साचे गरम व कोरडे ठेवा, मिश्रणातील हवा काढून घ्या आणि ओव्हनमध्ये पक्के होण्यास पूर्ण वेळ द्या. आयसोसायनेटच्या वाफेने दमा जडतो. कडक करण्यासाठी वापरले जाणारे मोका हे रसायन कर्करोगकारक म्हणून नोंदलेले आहे. हातमोजे, योग्य मुखवटा आणि खेळती हवा यांवर केलेला खर्च वाया गेला असे समजू नये. मुलाबाळांना त्या खोलीत येऊ देऊ नये.

ऐब सांगून विकणे

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारातील धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आत ओल लागली आणि त्यांनी विक्रेत्याला जाब विचारला, ही हकीकत आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेली आहे. ओले धान्य विकण्याला त्यांची हरकत नव्हती. ओल खाली दडवली गेली होती, याला हरकत होती. आपल्या फिकहमध्येही सौद्याच्या वेळी झाकलेला ऐब नंतर उघड झाला, तर माल परत करण्याचा हक्क खरेदीदाराला आहे. त्याला ‘खियार-ए-ऐब’ म्हणतात.

डब्यावर छापलेला ‘उणे ४०’ हा आपल्या धंद्यातील ढिगाचा वरचा कोरडा थर आहे. तो कारखानदाराने छापला असेल, पण गिऱ्हाईकाच्या हातात माल आपण देतो. पी.यू. बुश खराब माल नाही. योग्य घराण्याचा, योग्य कडकपणाचा आणि योग्य जागी बसवलेला असेल, तर लडाखच्या थंडीतही तो चांगले काम देऊ शकतो. फक्त विकताना चार गोष्टी स्पष्ट सांगाव्यात : हा पॉलिएस्टर आहे की पॉलिईथर, कडकपणा किती, आम्ही स्वतः किती अंशांपर्यंत तपासला, आणि ग्रीस केव्हा बदलायचे. शक्य असल्यास हे बिलावरच लिहून द्यावे. जे तपासले नाही, त्याबद्दल ‘तपासलेले नाही’ असे सांगायला लाजू नये.

एखादे वेळी त्यामुळे सौदा हातचा जाईल. पण बर्फाळ खिंडीत, एका बाजूला दरी असताना, गाडीत बसलेल्या कुटुंबाचा जीव त्या चार बुशवरही अवलंबून असतो. त्यांना खरे सांगून मिळवलेले पैसे थोडे असले, तरी त्यांतच बरकत आहे. असा दुकानदार ज्याला एकदा भेटला, तो गाडीवाला पुढच्या वेळी दुसऱ्या दुकानाची पायरी चढत नाही.